विक्रोळीत बसून वाळवंटाची हवा

वाळवंट मी आयुष्यात एकदाच पाहिलं, तेही सहलीच्या बसमधून, आणि तेव्हा मला झोप लागली होती. मुलुंडच्या आमच्या महिला मंडळाची ट्रिप होती. जैसलमेर जवळ आलं तेव्हा शेजारच्या सीटवरच्या कुलकर्णीबाईंनी मला कोपराने ढोसलं आणि म्हणाल्या, "अहो सावंत, उठा, तुमचं ऑफिस आलं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तेव्हा मी विक्रोळीतल्या एका खासगी हवामान कंपनीत अंदाज वर्तवायचं काम करायचे आणि माझ्या वाट्याला मुलूख आला होता राजस्थान आणि कच्छचा. म्हणजे सकाळी मुलुंडहून छत्री घेऊन निघायचं, ओल्या चपलांनी ऑफिसात शिरायचं, पंख्याखाली ओढणी वाळत घालायची, आणि मग तिकडच्या लोकांना सांगायचं की आज तुमच्या अंगाची लाही लाही होणार आहे, सांभाळा. निवृत्त होईपर्यंत मी हेच केलं. लोकांना यात काही विचित्र वाटलं की मी म्हणायचे, पत्रिका बघणारा माणूस कुठे शनीवर जाऊन येतो?

आमचं ऑफिस एका जुन्या कारखान्याच्या आवारात होतं. यंत्रं गेली, काचा आल्या, गच्चीवरून मागची खाडी आणि कांदळवन दिसायचं. माझे बाबा गिरणी बंद पडल्यावर याच भागात रखवालदार होते. मी सरकारी वेधशाळा सोडून इकडे आले तेव्हा त्यांना काही केल्या हा धंदा कळेना.

"गो, म्हंजे तू वारो इकतंस?"

"वारा नाही विकत बाबा. तो कधी येणार, ते विकते."

"आणि ता इकत घेता कोण?"

प्रश्न रास्त होता. घेणारे बरेच होते. मिठागरवाले, सौरऊर्जेचे प्रकल्पवाले, वाळवंटात लग्न लावून देणारे अंधेरीचे इव्हेंटवाले. या शेवटच्या जमातीला तर सूर्य मावळताना वारा नको असायचा, कारण नवरीचा दुपट्टा फोटोत तोंडावर येतो. "मॅम, वाळू उडणार नाही असं लिहून द्या ना," असं एक मुलगी मला दर हंगामात सांगायची. मी तिला म्हणायचे, अगं, वाळूला लिहिता-वाचता येत नाही.

घरी मात्र माझ्या विद्येची किंमत शून्य. मी संगणकांचे नकाशे तासन् तास बघून सांगावं की दुपारी पाऊस आहे, आणि आमच्या ह्यांनी फोन काढून म्हणावं, "यात तर सूर्य दाखवतोय." मग दुपारी गॅलरीतल्या चादरी भिजायच्या आणि त्याचा दोषही मलाच. तुझंच खातं ना, म्हणे. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

काम तसं समजायला सोपं आहे. जगभरचे चार-पाच मोठे संगणक रोज आपापला नकाशा काढतात आणि लग्नघरातल्या चुलत्या-मामांप्रमाणे प्रत्येकाचं म्हणणं वेगळं असतं. कोण नेहमी वाढवून सांगतो, कोण पावसाच्या नावाने आधीच गळा काढतो, हे वर्षानुवर्षं बघून अंदाजवाल्याला कळत जातं. त्यांच्यातल्या कुणाचं कधी ऐकायचं, एवढाच आमचा पगार. बाकी आकडे यंत्रच देतं.

गिऱ्हाइकं मात्र यंत्र देत नाही, ती नशिबाने मिळतात. एकदा अंधेरीच्या एका मालिकावाल्याचा फोन आला. "मॅडम, डेझर्टचा फोरकास्ट पाहिजे. दोन आठवडे."

मी वही ओढली. "जैसलमेर की बिकानेर?"

"आरे कॉलनी."

मला वाटलं मस्करी चाललीय. पण खरंच त्यांनी मुंबईतल्याच आरेच्या जंगलात एका मोकळ्या जागेवर ट्रकच्या ट्रक वाळू ओतली होती, खोटी निवडुंगं रोवली होती, एक उंट भाड्याने आणला होता. नायिका तिथे तहानेने व्याकूळ होऊन कोसळायची होती. मी नकाशे पाहिले आणि सांगितलं, बाबा रे, तुझ्या वाळवंटात चार दिवसांनी धो धो पाऊस आहे. तो म्हणाला, "मॅडम, निगेटिव्ह नका बोलू ना!" चार दिवसांनी वाळूत बेडूक ओरडायला लागले. पाऊस उघडल्यावर सकाळी युनिट पोहोचलं तर ओल्या वाळूवर बिबट्याच्या पावलांची छान रांग उमटलेली, थेट उंटाच्या खुंट्यापर्यंत. उंट वाचला होता, पण त्याने पुढे काम करायला नकार दिला. त्या माणसाने मला फोन करून काय म्हणावं? "यार मॅडम, बिबट्याचं पण सांगायचं ना!" शेवटी लेखकाने कथा बदलली आणि नायिका पुरात वाहून गेली.

दुसरे एक होते जोधपूरचे कूलरवाले शेठजी. त्यांच्यामुळे मला माझा विषय नीट समजावून सांगता यायला लागला, म्हणून त्यांचे उपकार आहेत. शेठजी मे महिन्यात रोज सकाळी फोन करायचे आणि एकच गोष्ट विचारायचे, समुद्रावरून ओल कधी येणार? वाळवंटात जूनच्या सुमारास असं होतं की आधी कोरडी भट्टी पेटते, पारा सत्तेचाळीसपर्यंत चढतो. मग अरबी समुद्रावरून दमट वारं गुजरात ओलांडून आत शिरतं. पारा एकदम पाच-सहा अंशांनी उतरतो. लोक म्हणतात, चला, सुटलो. आणि शेठजी कपाळाला हात लावतात, कारण त्या दिवसापासून त्यांचा एकही कूलर खपत नाही.

"मैडम, दो हफ्ते रोक लो ना," ते विनवायचे.

"शेठजी, मैं कहाँ लाती हूँ?"

"बोलती तो आप ही हो!"

एका वर्षी त्यांचा माल अगदी वेळेत संपला. त्या आनंदात त्यांनी मुलुंडला माझ्या घरी एक मोठाला कूलर भेट म्हणून पाठवून दिला. ह्यांना हर्ष झाला. एसीच्या बिलाची कटकट गेली म्हणून त्यांनी मोठ्या ऐटीत तो चालू केला. संध्याकाळपर्यंत डब्यातले पापड मऊ पडले, ह्यांचा चष्मा धुरकट झाला आणि आम्ही दोघं हमामखान्यात बसल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिलो. दोन दिवसांनी भिंतीवर बुरशी आली. मी कूलर वॉचमनला दिला, तर तिसऱ्या दिवशी तोही परत घेऊन आला.

कारण साधं आहे. कूलर काय करतो, तर ओल्या गवतातून वारा सोडतो. हवा कोरडी असली की ती पाणी पिऊन टाकते, आणि पाणी सुकताना गारवा होतो. मुंबईची हवा आधीच पोटभर प्यायलेली. ती आणखी काय पिणार? माणसाचं शरीरही असाच एक कूलर आहे. घाम येऊन उपयोग नाही, तो सुकला पाहिजे. सत्तेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हात घाम तत्क्षणी सुकतो आणि माणूस कसाबसा तगतो. एक्केचाळीसच्या दमट हवेत घाम नुसता गळत राहतो आणि शरीर आतून तापत जातं. म्हणजे पारा उतरतो त्या दिवशी धोका वाढतो. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं असेल की त्याची मलाच लाज वाटते. कुणी वाचायचं नाही. बुलेटिनमध्ये पहिला आकडा तापमानाचा असतो. तो खाली आलेला दिसला की लोक कागद ठेवतात आणि चहा मागवतात.

शेखावत त्यातलेच. जैसलमेरच्या बाजूला एका कंपनीच्या सौर पॅनेलांचं मोठं काम चाललं होतं आणि शेखावत त्या साइटचे प्रमुख. झुपकेदार मिशा, कडक इस्त्री, कुठल्याही ऋतूत कोट. माणूस भला, हसतमुख, आणि हट्टी. त्यांच्या शब्दाशिवाय साइटवर पाना हलायचा नाही. तिथे एक नियम होता, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुपारी काम बंद. नियम चांगला, पण तो करणाऱ्याने फक्त पाऱ्याचा विचार केला होता.

त्या जूनमध्ये बरेच दिवस पारा सत्तेचाळीसवर होता. दुपारचं काम बंद पडून पडून खूप मागे राहिलं होतं. मग समुद्राकडून ओल निघाली. मी दोन दिवस आधीपासून ठणाणा करत होते, इशारा लाल अक्षरांत पाठवला, त्याखाली रेघ मारली. शेखावतांनी त्यातलं एकच वाचलं, उद्या एक्केचाळीस. त्यांनी खूश होऊन हुकूम सोडला की उद्यापासून सगळ्यांनी दिवसभर काम करायचं, दुपारची सुट्टी रद्द. आणि स्वतः विमानात बसून विक्रोळीला आमच्याकडे आले, आमच्याशी केलेला करार पुढे चालू ठेवायचा की नाही ते ठरवायला.

सकाळची मीटिंग. एसीत, समोर बटाटेवडे. माझा बॉस निखिल, वयाने माझ्या मुलाएवढा, पवईला राहणारा, हुशार पोरगा, पण गिऱ्हाईक समोर आलं की त्याच्या कण्याचं लोणी व्हायचं. आत जाण्यापूर्वीच त्याने मला बाजूला घेतलं होतं. "मॅम, प्लीज. नंबर खाली आलाय ना? गुड न्यूज द्या ना. आजच्या दिवस!"

मी गुड न्यूज दिली नाही. मी सांगितलं की तुमच्या साइटवर काल रात्रीतूनच दमट हवा पोहोचली आहे, दुपारी माणसं पडतील, काम थांबवा. नकाशे दाखवले. शेखावत वड्याचा घास घेत हसले.

"मैडम, सैंतालीस तो हमारे आदमी हँसके झेल लेते हैं। इकतालीस तो हमारे लिए शिमला है।"

"लेकिन पसीना सूखेगा नहीं।"

"पसीना?" ते प्रामाणिकपणे म्हणाले, "हमको तो पसीना आता ही नहीं, मैडम।"

ते फुशारकी मारत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तिकडे घाम दिसायच्या आत उडून जातो. सदऱ्यावर मिठाची पांढरी रेघ तेवढी उरते. जन्मभर ज्याने आपला सदरा कधी ओला झालेला पाहिला नाही, त्याला मी नकाशावर काय दाखवणार होते? निखिल टेबलाखालून माझ्या पायावर पाय मारत होता. घड्याळ दुपारकडे सरकत होतं आणि तिकडे माणसं पॅनेलांचे बोल्ट आवळत होती. मला राग आला होता, आणि राग आला की मला वात्रटपणा सुचतो.

"शेखावतजी," मी म्हटलं, "कराराआधी आमचं यंत्र तर बघून घ्या. गच्चीवर आहे."

"हाँ हाँ, क्यों नहीं!" ते उठले.

दाराशी आमचे मोरे उभे होते. मोरे म्हणजे ऑफिसातले शिपाई, कारखान्याच्या काळापासूनचे, आमच्या सगळ्यांच्या आधीचे. मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं, "मोरे, लिफ्ट बंद आहे ना?"

मोऱ्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "हो मॅडम. आत्ताच बंद पडली." त्यांच्या पाठीमागे टिंग करून घंटी वाजली, लिफ्टचं दार उघडलं, आतून दोन माणसं बाहेर आली आणि दार बंद झालं. मोरे वळूनही न बघता म्हणाले, "उतरते फक्त. चढत नाही."

निखिलने शेखावतांना कोट काढून ठेवायला सुचवलं. मी म्हटलं, राहू दे, वर यंत्राबरोबर फोटो काढायचाय. शिवाय यंत्राची बॅटरी बदलायची राहिलीच होती, आणि माझे गुडघे हे असे. शेखावत पडले दिलदार. "लाइए, लाइए," म्हणून त्यांनी बॅटरी काखेत मारली. स्कूटरच्या बॅटरीपेक्षा ती जडच असेल.

पहिले दोन जिने त्यांनी आम्हाला पन्नास अंशांतल्या गोष्टी सांगितल्या. तिसऱ्या जिन्यावर गोष्टी थांबल्या. चौथ्यावर त्यांनी विचारलं, "और कितने?" मोरे म्हणाले, "बस, दोन." पाचव्यावर पुन्हा विचारलं, मोरे पुन्हा म्हणाले, "बस, दोन." माझे गुडघे मला शिव्या घालत होते, पण मी तोंड हसरं ठेवलं होतं. त्या जिन्यात वाऱ्याची झुळूक येत नाही, कधीच आली नाही.

गच्चीवर डांबर तापलेलं. वारा पडलेला. खाडीवरून ती नेहमीची चिकट वाफ येत होती, जी आम्हाला एरवी जाणवतही नाही. मी पांढऱ्या लाकडी पेटीचं झडपांचं दार उघडलं. आत दोन तापमापक असतात, एक साधा आणि दुसऱ्याच्या पायाला ओलं फडकं बांधलेलं. कोरडा हवेचा ताप सांगतो. ओला सांगतो की घाम सुकून शरीर किती थंड होऊ शकेल. बाकीचं हवामानशास्त्र विसरलात तरी चालेल.

"हे बघा," मी म्हटलं, "कोरडा चौतीस. तुमच्या हिशेबाने कडाक्याची थंडी. ओला एकोणतीस. मागच्या आठवड्यात तुमच्याकडे कोरडा सत्तेचाळीस होता, पण ओला फक्त चोवीस-पंचवीस. आज..."

पण शेखावत ऐकत नव्हते. ते स्वतःच्या सदऱ्याकडे बघत होते. कोटाच्या आत सदरा अंगाला चिकटला होता, मिशांच्या टोकांवरून थेंब गळत होते, हनुवटीवरून टपटप पडत होते. त्यांनी बॅटरी खाली ठेवली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मैडम, मुझे कुछ हो रहा है।"

माझा सगळा वात्रटपणा तिथेच संपला. चेहरा त्यांचा पांढराफटक पडला होता. मी काय करून बसले? पन्नाशी उलटलेल्या, भरल्या पोटाच्या माणसाला कोट घालून, ओझं देऊन गच्चीवर चढवलं, आणि त्याला खरंच काही झालं तर? तिकडे कुणी पडण्याआधी मी इथेच एकाला पाडणार होते.

"मोरे, लिफ्ट!" मी ओरडले.

"लिफ्ट बंद आहे ना मॅडम," मोरे डोळे मिचकावत म्हणाले.

"अहो मोरे, खरंच आणा!"

आम्ही शेखावतांना पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवलं. कोट उतरवला. निखिल, ज्याने जन्मात कधी कुणाला वारा घातला नसेल, तो लॅपटॉपच्या झाकणाने वारा घालू लागला. मोरे लिफ्टने खाली गेले आणि माझ्या डब्याच्या पिशवीतली कोकम सरबताची बाटली घेऊन आले, मीठ घातलेली. शेखावतांनी ती घटाघटा संपवली. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी माझ्याकडे लहान मुलासारखं बघितलं.

"दिल का तो नहीं है ना?"

"नाही हो," मी म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "ये विक्रोली है।"

शेखावतांनी पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "वहाँ आज ये गीलावाला कितना है?"

मी फोनवर दाखवलं. इथल्यापेक्षा एक-दोन अंश जास्त. आणि तिथे टाकी नाही, सावली नाही, वर पत्र्यासारखं तापलेलं पॅनेल. शेखावतांनी तो आकडा बघितला, स्वतःच्या ओल्या बाहीकडे बघितलं, आणि साइटवर फोन लावला. हात ओले असल्यामुळे नंबर लागेना, म्हणून मोऱ्यांनी लावून दिला. फोन स्पीकरवर होता. मुकादमाचा आवाज आला.

"सब बढ़िया है सर! लड़के बोल रहे हैं, आज ठंडक है। बस एक लड़का बैठ गया है, भँवर नाम का। पूरा भीगा हुआ है, जैसे नहाके आया हो। और कुछ उल्टा-सुल्टा बोल रहा है।"

शेखावतांनी डोळे मिटले. "काम बंद करो। अभी। सबको अंदर लो।"

"जी सर, कूलरवाले शेड में..."

"कूलर नको!" मी एवढ्याने ओरडले की टाकीवरचे कावळे उडाले. "कूलर में और मरेंगे! एसी में लो, एसी में!"

साइटवर एसी फक्त एकाच खोलीत होता. तिथे यंत्रं होती आणि साहेब लोकांच्या खुर्च्या. मजुराने तिथे पाय ठेवायचा नाही, असा रिवाज. मुकादम घुटमळला. "सर, वो तो... जूते मिट्टी के हैं सबके। बैठेंगे कहाँ?"

"मेरी कुर्सी पर बिठाओ!" शेखावत असे गरजले की त्यांच्या मिशांवरचं उरलंसुरलं पाणी उडालं. मी मधे मधे सांगत गेले, भँवरच्या मानेला आणि काखेत बर्फ लावा, ओली चादर गुंडाळून पंखा सोडा, गाडी डॉक्टरकडे पळवा. आणि फोन कटला.

मग पुन्हा लागेना. आम्ही चौघं टाकीच्या सावलीत नुसते बसून होतो. निखिल कराराबद्दल एक शब्द बोलला नाही, याचं मला अजून कौतुक आहे. मी नास्तिक बाई, पण त्या वेळात मी भराडीदेवीपासून आरेतल्या वाघोबापर्यंत कुणाला सोडलं नाही. मोरे टाकीच्या नळाखाली रुमाल भिजवून शेखावतांच्या मानेवर ठेवत होते आणि शेखावत म्हणत होते, "उसकी गरदन पे भी कोई रखा होगा ना?"

शेवटी फोन वाजला. भँवरने आपलं नाव नीट सांगितलं होतं. गावाचं नावही सांगितलं. आणि मग विचारलं होतं की मला साहेबांच्या खुर्चीत कशाला बसवलंय, मी काय गुन्हा केला? माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांकडून निरोप आला की अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

खाली आम्ही लिफ्टने आलो. शेखावतांनी लिफ्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मोऱ्यांकडे.

"रिपेअर झाली साहेब," मोरे म्हणाले.

दार बंद होताना शेखावतांच्या मिशा हलल्या, त्या मी पाहिल्या. एका पाहुण्याला मुद्दाम जिने चढवल्याचं वाईट वाटतं का, असं मला पुढे निखिलने विचारलं. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांना वाटतं, मला नाही.

ओल राहिली तितके दिवस शेखावतांनी दुपारचं काम बंद ठेवलं, पारा चाळिसाच्या आसपास असतानाही. ते त्यांच्या वरिष्ठांना काही केल्या पटलं नाही. वरिष्ठ दिल्लीच्या एसीत. त्यांनी सरळ हिशेब मांडला, तापमान नियमापेक्षा कमी होतं, तरी इशाऱ्यामुळे काम थांबलं, आणि साइटवर काहीच अघटित घडलेलं नाही. भँवरचं काय, तर तो दुसऱ्या दिवशी हिंडता-फिरता झाला होता, म्हणजे तेही काही नाही. काहीच घडलं नाही, म्हणजे इशारा फुकटचा होता. करार संपला. ते काम एका स्वस्त कंपनीला गेलं, जी फक्त पहिला आकडा पाठवायची.

आमच्या धंद्याचं हे दुखणं आहे. वादळाचा अंदाज चुकला की लोक तोंडावर बोलतात. बरोबर आला आणि माणसं आधीच आत जाऊन बसली, तर काही घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचं बक्षीस कुणी देत नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. निखिलला वरून बोलणी बसली, आणि तो पोरगा आठवडाभर माझ्याशी तुटक वागला. मीही दोन-तीन दिवस नीट जेवले नाही. वाटायचं, आता तिकडे पुढच्या वेळी कोण ओरडणार?

तेवढ्यात एक दिवस शेखावतांचा फोन आला. करार संपला होता, त्यामुळे त्यांचा आवाज ओशाळलेला होता. म्हणाले, "मैडम, मेरे हाथ में कुछ नहीं था। पर दुपहर का काम यहाँ मैं अब गीलावाला देखके ही करवाता हूँ। मोरेजी ने फडका बाँधना सिखाया था ना, वैसा एक बाँध लिया है।" मोऱ्यांनी हे कधी शिकवलं, ते मला माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "एक मिनट। ये भँवर आपसे बात करना चाहता है। सुबह से पीछे पड़ा है।"

मी खुर्चीत सावरून बसले. आभार मानायचे असतील बिचाऱ्याला, म्हणून मनातल्या मनात हिंदीतून उत्तरही जुळवून ठेवलं. समोर निखिल बसला होता, त्याला हाताने गप्प राहायची खूण केली.

"वो मौसमवाली मैडम आप हो?" फोनमधून खणखणीत, तापलेला आवाज आला.

"हाँ भैया, मैं ही।"

"आपने हमको उस बरफ़ के कमरे में डलवाया?"

"हाँ..."

"कोई आदमी को ऐसे डालता है क्या? जेठ के महीने में! ऊपर से गरदन पे बरफ़, काँख में बरफ़! तब से मेरी नाक बह रही है। पूरा गाँव हँस रहा है, मैडम, रेगिस्तान में जुकाम हुआ बोलके। मेरी घरवाली पूछती है, कहाँ गया था तू, कश्मीर? बोलने से पहले ज़रा सोचना चाहिए ना आपको?" आणि तो एवढ्या जोरात शिंकला की मी फोन कानापासून लांब धरला.

"गलती हो गई, भैया," मी म्हटलं.

"आगे से ध्यान रखना।"

"ध्यान ठेवीन," माझ्या तोंडून मराठीतच गेलं. त्याने फोन ठेवला.

मी डोळे पुसत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम. निखिल घाबरून पुढे वाकला. "मॅम, काय झालं? कोण होतं?"

"साइटवरून. तक्रार होती."

"आता काय? सीरियस आहे का?"

"नाही रे," मी म्हटलं, "सर्दी झालीय त्याला."